भानूसाठी विणलेला स्वेटर

घाटमाथ्यावरच्या एका गावात वेणू नावाची एक बाई राहत होती. तिचा नवरा सोपान बाजार समितीत मापाडी होता. दिवसभर व्यापाऱ्यांची पोती तोलायची आणि संध्याकाळी पाठ धरून घरी यायचं, असं त्याचं काम. घरात दोन मुली होत्या, सासू होती. सोपानच्या कमाईत घर चालत होतं, पण ओढूनताणून.

वेणूच्या हातात एक कला होती. ती माहेरी असताना मिशनच्या दवाखान्यातल्या एका नर्सबाईंनी तिला लोकरीचं विणकाम शिकवलं होतं. सासरी आल्यावर तिने आधी मुलींसाठी कानटोप्या विणल्या. मग शेजारणीच्या बाळासाठी मोजे विणले. मोजे पाहून दुसरी आली, तिसरी आली. घाटमाथ्यावरची थंडी कडक असते. तिथे लोकरीच्या कपड्याला कुणी नको म्हणत नाही. बघता बघता वेणूचा छान जोडधंदा सुरू झाला. तिचे टाके एकसारखे असायचे. स्वेटर कितीही ओढा, पुन्हा आपल्या मापावर यायचा. "वेणूचा स्वेटर धाकट्यालासुद्धा पुरतो," असं बायका म्हणायच्या.

त्याच गावात टेकडीच्या उतारावर हौसाबाई राहत होत्या. सगळं गाव त्यांना हौसामावशी म्हणायचं. नवरा कधीच वारला होता. दोन-चार शेळ्यांच्या दुधावर त्यांचं एकटीचं भागायचं. त्यांना एक मुलगा होता, भानू. तो मिसरूड फुटायच्या वयात घर सोडून गेला होता. बाप काहीतरी टाकून बोलला, आणि पोरगा भल्या पहाटे कांद्याच्या ट्रकमध्ये बसून निघून गेला. पुन्हा त्याचा ठावठिकाणा लागला नाही.

तो गेला तेव्हा कडाक्याची थंडी होती. हौसामावशी चुलीशी वाकलेल्या होत्या. दारातून कुणीतरी बाहेर गेल्याचं त्यांना जाणवलं. शेळ्यांकडे गेला असेल असं वाटलं, म्हणून त्यांनी मान वर केली नाही.

"अंगात नुसता सदरा होता गं त्याच्या," त्या वेणूला सांगायच्या. "मी वर बघितलं असतं, तर म्हटलं असतं ना, काहीतरी अंगावर घाल म्हणून."

म्हणून दरवर्षी दसरा झाला की हौसामावशी वेणूकडे यायच्या. पदराखाली लोकरीच्या लडी असायच्या. चांगली, मऊ लोकर. तालुक्याच्या बाजारातून त्या स्वतः निवडून आणायच्या.

"भानूसाठी स्वेटर विणायचाय," त्या म्हणायच्या.

पहिल्या वर्षी वेणूने विचारलं होतं, "मावशी, माप कुणाचं घेऊ?"

"त्या विष्णू सुताराचं घे. दोघं एकाच आठवड्यातले. भानू आता तेवढाच झाला असेल."

तेव्हापासून तोच रिवाज पडला. वेणू विष्णूला बोलावून त्याच्या खांद्यांचं आणि छातीचं माप घ्यायची. विष्णू बिचारा मुकाट्याने हात पसरून उभा राहायचा. तो उंच झाला तसा भानूचा स्वेटर उंच झाला. त्याचे खांदे भरले तसे भानूचे खांदे भरले. पुढे विष्णूचं लग्न झालं, त्याला थोडं पोट सुटलं. तेव्हा हौसामावशी हसून म्हणाल्या, "पोटाकडे जरा सैल धर गं. आमचाही आता खाऊन-पिऊन सुखी असेल."

स्वेटर झाला की त्या तो हातात घ्यायच्या. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, नीट दिसत नव्हतं. त्या बोटांनीच स्वेटर पाहायच्या. गळ्यापासून खाली, मग बाह्यांवरून, टाक्याटाक्यावर बोट ठेवत. मग म्हणायच्या, "ऊब आहे हो." ठरलेली मजुरी हातावर ठेवायच्या आणि स्वेटर घरी नेऊन कडुनिंबाचा पाला घालून पेटीत ठेवायच्या.

जाता जाता त्या सोपानलाही विचारायच्या. बाजार समितीत लांबलांबून ट्रक यायचे. सोपान ड्रायव्हर लोकांकडे भानूची चौकशी करायचा. कपाळावर उजवीकडे जुन्या खोकेचा व्रण आहे, बोलताना डोळे मिचकावतो, अशा खुणा सांगायचा.

"काही कळलं का रे, सोपान?"

"अजून नाही मावशी. कळलं की आधी तुमच्याकडे येईन."

अशी बरीच वर्षं गेली.

एका वर्षी तालुक्याच्या कापडदुकानदाराने वेणूला निरोप पाठवला. शाळेच्या मुलांसाठी निळे स्वेटर हवे होते. काम मोठं होतं. वेणूला फार आनंद झाला. आता छपराचे पत्रे बदलता येतील, थोरलीला पुढे शिकवता येईल, अशी स्वप्नं ती पाहू लागली. ती सकाळी स्वयंपाक उरकून विणायला बसे, ती दिवे लागेपर्यंत. तिची बोटं सुजली. तरी काम सरेना.

त्यातच गिरणीवाल्या शेवंताकाकूंनी एक शाल विणायला टाकली होती. तीही अर्धवट पडली होती. शेवंताकाकू म्हणजे गावातलं मोठं गिऱ्हाईक. त्यांनी नाव घेतलं की दहा घरची कामं येत.

आणि नेहमीप्रमाणे दसऱ्यानंतर हौसामावशी आल्या. त्या वर्षी त्यांनी डाळिंबी रंगाची लोकर आणली होती.

"महाग पडली गं," त्या म्हणाल्या. "पण गोऱ्या रंगावर उठून दिसेल."

वेणूने लोकर ठेवून घेतली. दिवस जाऊ लागले. निळ्या स्वेटरांचा ढीग वाढत होता आणि डाळिंबी लडी कोपऱ्यात तशाच पडून होत्या. एके दिवशी वेणूने त्या उचलल्या. तिच्या मनात आलं, हा स्वेटर घालणार कोण? आजवरचे सगळे पेटीतच आहेत. हाही पेटीतच जायचा. जो कुणाच्या अंगावर चढायचा नाही, त्यासाठी एवढा जीव कशाला आटवायचा?

तिने जाड सुया घेतल्या. टाके सैल टाकले. विष्णूला बोलावलंच नाही, मागच्या वर्षीचं माप आठवून अंदाजाने विणलं. खालची पट्टी चार ओळींतच आटपली. एका बाहीत टाका गळाला होता, तो उचलायला ती मागे गेली नाही. अशा विणीला लोकर कमी लागली. बरीचशी उरली. तेव्हाच शेवंताकाकूंच्या शालीला लोकर कमी पडत होती. वेणूने क्षणभर विचार केला. मग त्या शालीच्या दोन्ही टोकांना तिने डाळिंबी पट्ट्या विणल्या. शाल फार सुरेख दिसू लागली. शेवंताकाकू खूश झाल्या.

हौसामावशी स्वेटर न्यायला आल्या. वेणूने घडी त्यांच्या हातात दिली आणि ती पुन्हा सुया घेऊन बसली. मावशींनी घडी उलगडली. गळ्यावरून बोटं फिरवली. पाठीवरून फिरवली. बाहीवर त्यांचं बोट एका जागी थांबलं आणि गळालेल्या टाक्याच्या भोकातून आरपार गेलं.

त्यांनी बोट मागे घेतलं. मग हळूच म्हणाल्या, "वेणू, तुला काही कळलंय का गं?"

"कशाचं मावशी?"

"माझ्या भानूचं."

वेणू दचकली. "नाही मावशी. काही नाही कळलं."

"सोपानला कुणी ड्रायव्हरने काही सांगितलंय का? खरं सांग. मी ऐकून घेईन."

"नाही हो मावशी, खरंच नाही."

"मग हे असं का विणलंस?" हौसामावशींनी बाही पुढे केली. "इतकी वर्षं तू त्याच्यासाठी विणतेस. टाक्यात कधी फट ठेवली नाहीस. जिवंत माणसासाठी कुणी असं विणत नाही, पोरी."

 वेणूने घाई झाली म्हणावं, तर उरलेली लोकर कुठे गेली हेही सांगावं लागलं असतं. ती गप्प राहिली. हौसामावशींना त्या गप्प राहण्यातच उत्तर मिळालं. त्यांनी मजुरी काढून तिच्या सुयांजवळ ठेवली, स्वेटर उराशी धरला आणि भिंतीला हात लावत लावत त्या निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सोपान कामावरून आला तो गोंधळलेला होता.

"अगं, हौसामावशी वाटेत भेटल्या. म्हणाल्या, 'तू लपवलंस ते माझ्या मायेपोटी लपवलंस, मला राग नाही.' मी शपथ घेऊन सांगितलं की मला काही ठाऊक नाही. तरी त्यांना पटेना. असं का वाटलं त्यांना?"

वेणूने मान वर न करता सांगितलं, "म्हाताऱ्या माणसाच्या मनात काहीही येतं."

ते शब्द तिला स्वतःलाच टोचले.  पण ती उठून मावशींकडे गेली नाही. उद्या जाऊ, असं म्हणून तिने तो दिवस काढला आणि पुढचाही काढला.

तिसऱ्या दिवशी हौसामावशींच्या शेळ्या सकाळपासून ओरडत होत्या. धार काढायला कुणी आलं नव्हतं. शेजारच्या बायका बघायला गेल्या, तर मावशी चुलीशी बसलेल्या. चूल पेटवलेली नव्हती.

"माझा भानू गेला," एवढंच त्या म्हणाल्या.

गावात बातमी पसरायला वेळ लागत नाही. बायका त्यांच्याकडे बसायला येऊ लागल्या. कुणी पिठलं-भाकरी आणून ठेवली, कुणी शेळ्या बांधल्या. सगळ्याच म्हणत होत्या की सोपानला एका ड्रायव्हरने सांगितलं. कोणत्या ड्रायव्हरने, कधी, ते कुणाला ठाऊक नव्हतं.

ते वेणूच्या कानावर आलं तेव्हा मात्र तिच्या हातातल्या सुया थांबल्या. ती तशीच उठली आणि टेकडीकडे धावत निघाली.

हौसामावशींच्या अंगणात बायका जमल्या होत्या. मध्ये एक चादर पसरली होती. मावशींनी पेटी उघडून भानूचे सगळे स्वेटर काढले होते. गरिबांच्या मुलांना वाटून टाकायचे, असं त्यांनी ठरवलं होतं. कडुनिंबाचा सुकलेला पाला चादरीवर सांडला होता. स्वेटर ओळीने मांडले होते. आधी एका पोराच्या मापाचा. मग त्याहून थोडा मोठा. मग खांदे रुंदावलेला, मग पुरुषाच्या मापाचा, पोटाकडे सैल सोडलेला. एक पोरगा हळूहळू माणूस होत गेला होता आणि तो कुणीच पाहिला नव्हता. वेणूने हे सगळे आपल्या हातांनी विणले होते. पण असे एकत्र तिने कधी पाहिले नव्हते. 

"थांबा," ती म्हणाली. "मावशी, थांबा. भानूची काहीही बातमी आलेली नाही."

बायका तिच्याकडे पाहू लागल्या. हौसामावशींनी मान हलवली. "माझी समजूत घालू नकोस, पोरी."

"समजूत घालत नाही. मी काम खराब केलं. शाळेचे स्वेटर पुरे करायचे होते. मला वाटलं, भानूचा स्वेटर कोण घालणार आहे? म्हणून कसाबसा विणला. आणि..."  पण ती थांबली नाही. "आणि तुमची लोकर वाचली, ती मी चोरली. शेवंताकाकूंच्या शालीला लावली."

 शेवंताकाकू तिथेच बसल्या होत्या आणि तीच शाल त्यांच्या अंगावर होती. सगळ्यांच्या नजरा त्या डाळिंबी पट्ट्यांकडे गेल्या. शेवंताकाकूंचा चेहरा लाल झाला. त्यांनी शाल अंगावरून काढली आणि वेणूच्या पुढ्यात टाकली.

"दुसऱ्याच्या लोकरीची ऊब मला नको," त्या म्हणाल्या.

हौसामावशी चाचपडत पुढे झाल्या. त्यांनी शाल हातात घेतली. पट्टीवरून बोटं फिरवली. मग चादरीवरचा डाळिंबी स्वेटर घेतला आणि एक बोट त्याच्यावर, एक बोट पट्टीवर ठेवून दोन्हीकडची लोकर चोळून पाहिली.

"माझीच आहे ही," त्या पुटपुटल्या. मग वेणूकडे तोंड वळवून त्यांनी विचारलं, "म्हणजे ही नुसती चोरी?"

"हो मावशी."

"दुसरं काही नाही? कुठल्या ड्रायव्हरने काही सांगितलं नाही?"

"नाही. माझ्या मुलींची शपथ."

"नुसती चोरी!" हौसामावशी म्हणाल्या आणि रडता रडता हसू लागल्या. त्यांनी वेणूचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "तुझ्या तोंडात साखर पडो गं! नुसती चोरी! अगं, मागितली असतीस तर सगळी लोकर दिली असती. माझा जीव घेतला होतास तू."

वेणूला कुणी चार शिव्या घातल्या असत्या, तर तिने त्या सोसल्या असत्या. हा आनंद मात्र तिला सोसवेना. तिने मावशींच्या पायांवर डोकं ठेवलं आणि ती ओक्साबोक्शी रडली.

मावशींनी डोळे पुसले. चादरीवरचे स्वेटर त्या चाचपू लागल्या. बायका ते पुन्हा पेटीत भरायला पुढे आल्या, तेव्हा त्या म्हणाल्या, "लहान मापाचे राहू द्या. ते आता त्याला कुठले यायला? घेऊन जा पोरांना. मोठे तेवढे ठेवा."

चुलीवर चहाचं आधण चढलं.

वेणूच्या चुकीची भरपाई मात्र एवढ्यावर झाली नाही. शेवंताकाकूंनी जाईल तिथे ती गोष्ट सांगितली. गावातली कामं बंद झाली. शाळेचे स्वेटर देऊन झाल्यावर कापडदुकानदारानेही पुढचं काम दुसरीकडे दिलं. पत्रे बदलायचे राहून गेले. सोपान तिला टाकून बोलला नाही. फक्त एवढंच म्हणाला, "मी ज्यांना शपथ घेऊन सांगत होतो, त्यांना तू एका शब्दात सोडवू शकली असतीस."

वेणूने तो डाळिंबी स्वेटर उसवला. शालीच्या पट्ट्याही उसवल्या. शालीला पदरच्या पैशाने तशीच डाळिंबी लोकर आणून नवी टोकं विणली आणि ती परत केली. मग विष्णू सुताराचं नव्याने माप घेतलं आणि रोज दुपारी हौसामावशींच्या अंगणात बसून ती विणू लागली.

ती विणत असताना मावशी भानूबद्दल बोलायच्या. त्याला भाकरीचा वरचा पापुद्रा आवडायचा. तो शेळ्यांना माणसांची नावं द्यायचा आणि त्यांच्याशी भांडायचा. त्याला काळोखाची भीती वाटायची, पण तो ते कबूल करायचा नाही. वेणू ऐकत राहायची. इतकी वर्षं तिने त्याच्यासाठी विणलं होतं, पण तो होता कसा, हे तिने कधी विचारलं नव्हतं. आता एकेक टाका घालताना तिला वाटायचं, कुठे असेल हा? तिथे थंडी असेल का? रात्री त्याच्या अंगावर कुणी काही घालत असेल का?

ज्या मुलांना भानूचे लहान स्वेटर मिळाले होते, ती ते घालून गावभर हुंदडत होती. झाडावर चढत होती, एकमेकांच्या बाह्या ओढत होती. स्वेटर वर्षानुवर्षं पेटीत पडून होते, तरी एक टाका हलला नाही. ते पाहून त्या मुलांच्या आया आपसांत काही बोलल्या. एक दिवस त्यांतली एक जण लोकर घेऊन वेणूकडे आली. काही दिवसांनी दुसरी आली. पहिल्यासारखी रीघ लागायला मात्र पुढचा हिवाळा उजाडावा लागला.

डाळिंबी स्वेटर पुरा झाला तेव्हा थंडी सरत आली होती. वेणूने तो मावशींच्या हातात दिला. त्यांनी गळ्यापासून खालच्या पट्टीपर्यंत बोटं फिरवली. कुठेही बोट अडलं नाही.

एवढ्यात कुंपणाशी कुत्रं भुंकलं. कुणीतरी चढण चढून येत होतं. वेणूने झटकन मान वर केली. डोळ्यांवर हात धरून ती पाहत राहिली. 

"कोण आहे गं?" हौसामावशींनी विचारलं.

माणूस जवळ आला, कुंपणाच्या बाजूने वळला आणि वरच्या वाडीकडे निघून गेला.

"वाटसरू आहे मावशी," वेणू म्हणाली. तिच्या आवाजातली निराशा मावशींना ओळखू आली. त्यांनी तिचा हात आपल्या हातात घेतला आणि थोपटला.

"येईल गं," त्या म्हणाल्या.

तात्पर्य: कुणाची तरी आस ज्या कामात गुंतलेली असते, ते काम कधीच व्यर्थ नसतं; ते करताना हात आखडला, तर वाट पाहणाऱ्याचा धीर खचतो.